सह्याद्रीतून हिमालयात: हमता पासच्या निमित्ताने पहिल्या उंच ट्रेकची पूर्वतयारी

राजगड-तोरणा एका दमात करणारी, कात्रज ते सिंहगडच्या टेकड्या रात्रभर पालथ्या घालणारी मंडळी हिमालयात पहिल्यांदा जातात तेव्हा पायांनी नाही, डोक्यानं आडवी होतात. पाय शाबूत असतात. दुसऱ्या रात्री कपाळ ठणकायला लागतं, समोरचा राजमा-चावल नकोसा होतो आणि गडी "जरा थकवा आलाय" असं पुटपुटत जेवण टाळून स्लीपिंग बॅगमध्ये शिरतो.

सह्याद्री आपल्याला बरंच काही शिकवतो. घसाऱ्यावर पाय कसा रोवायचा, टाक्यातलं पाणी कसं पुरवायचं, उन्हाच्या आधी डोंगर कसा गाठायचा. पण कळसूबाईचा माथा 1646 मीटरवर आहे आणि हमता पासच्या ट्रेकला जिथून सुरुवात होते ती मनालीच साधारण 2050 मीटरवर आहे. विरळ हवेची सवय सह्याद्री लावू शकत नाही, कारण ती हवा त्याच्याकडे नाही. म्हणून या लेखात बूट, सॅक, व्यायाम सगळं येईल, पण प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न पुन्हा विचारणार आहे: आज रात्री तुम्ही किती उंचीवर झोपणार, आणि काल किती उंचीवर झोपला होतात?

हमताच का?

पहिल्या ट्रेकसाठी केदारकंठा, हर की दून, बियास कुंड अशी बरीच नावं सुचवली जातात आणि तीही चांगलीच आहेत. हमता निवडण्याचं माझं कारण असं की चार-पाच दिवसांत तो हिमालयाचे दोन वेगळे चेहरे दाखवतो. खिंडीच्या अलीकडे कुल्लूचं खोरं: देवदार, भूर्जाची झाडं, गुडघाभर गवत, पावसाळ्यात रानफुलं. खिंड ओलांडली की लाहौल. तिथे पावसाचे ढग पोचत नाहीत, डोंगर उघडेबोडके, राखाडी आणि तपकिरी. सातारा-वाई सोडून माणदेशात उतरल्यावर जो फरक जाणवतो तोच, पण एका दुपारीत आणि चार हजार मीटरवर.

वाट अशी: मनालीहून प्रीणीमार्गे वळणावळणाच्या रस्त्यानं गाडीनं जोब्रा (सुमारे 3000 मीटर). तिथून चालत चिका (सुमारे 3100). दुसऱ्या दिवशी बालू का घेरा (सुमारे 3600). तिसऱ्या दिवशी हमता खिंड (सुमारे 4270 मीटर, म्हणजे 14,000 फूट) ओलांडून पलीकडे शिया गोरू (सुमारे 3900). चौथ्या दिवशी उतरून छत्रू (सुमारे 3350). छत्रूहून गाडीनं चंद्रताल हे तळं पाहून अटल बोगद्यातून मनालीला परत. ट्रेक आयोजक उंची फुटात सांगतात, नकाशे मीटरमध्ये. एकाच मापात लिहून काढा, नाहीतर पुढचं गणित जमणार नाही.

झोपेच्या उंचीचं गणित

उंचावर "ऑक्सिजन कमी असतो" असं आपण म्हणतो. खरं तर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे तेच, साधारण 21 टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. हमता खिंडीत तो समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन त्याच प्रमाणात कमी मिळतो. शरीर याला उत्तर देतं. श्वास वाढतो, लघवी जास्त होते, पुढे सावकाश लाल पेशी वाढतात. पण याला दिवस लागतात आणि तुम्ही किती फिट आहात याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. मॅरेथॉन धावणारा तरुण आजारी पडतो आणि त्याच गटातल्या पंचावन्न वर्षांच्या काकू मजेत चहा पीत बसतात, हे दृश्य हिमालयात नवं नाही. तरुण तिप्पट वेगानं वर आलेला असतो, एवढंच.

डॉक्टर आणि गिर्यारोहक मानतात तो नियम सोपा आहे. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली या.

आता हा नियम हमताच्या ठरलेल्या कार्यक्रमाला लावून बघा. बालू का घेरा ते शिया गोरू ही चढ 300 मीटरची, म्हणजे ठीक. चिका ते बालू का घेरा 500, कडेवर पण चालेल. गडबड पहिल्या रात्रीतच आहे. आपल्याकडची बहुतेक मंडळी दिल्लीहून संध्याकाळची व्होल्वो पकडतात, रात्रभर घाटात हेलकावे खात सकाळी मनालीला उतरतात, कुठेतरी आंघोळ उरकतात आणि त्याच दुपारी जोब्र्याच्या गाडीत बसतात. आदली रात्र झोपेविना बसमध्ये, त्याच्या आदली मुंबई-पुण्यात, आणि ही थेट 3100 मीटरवर. कागदावर हा "सोपा पहिला दिवस" असतो. चालणं दोन-तीन तासांचं, म्हणून सोपा. शरीरासाठी तोच सगळ्यात अवघड.

उपाय स्वस्त आहे: मनालीत पूर्ण एक दिवस आणि दोन रात्री राहा. त्या दिवशी मॉल रोडवर शाली बघत फिरण्यापेक्षा वशिष्ठहून जोगिनी धबधब्यापर्यंत चढून या. बालू का घेऱ्यावर एक जादा रात्र मिळत असेल तर ती जरूर घ्या. कार्यक्रम आखणारे म्हणतील, "गरज नाही, सगळे असेच करतात." सगळे असेच करतात हे खरं आहे. त्यातल्या अनेकांची दुसरी रात्र डोकं धरून जाते, हेही तितकंच खरं.

दुसरी खोच शेवटी येते. छत्रूला उतरल्यावर ट्रेक संपला म्हणून सगळे सैलावतात आणि काही कार्यक्रमांत पुढची रात्र चंद्रतालच्या तंबूत असते. चंद्रताल साधारण 4250 मीटरवर. म्हणजे गाडीत बसून झोपायची उंची एका झटक्यात 900 मीटरनं वाढली, आणि तीही चालून थकल्यावर. तोवर चार रात्री उंचावर काढलेल्या असतात म्हणून बहुतेकांना निभतं. पण ज्याला वाटेत त्रास झाला होता त्यानं चंद्रताल दिवसाच पाहून परत फिरावं.

कधी जायचं

जूनचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरअखेर हा हंगाम. जूनमध्ये खिंडीवर भरपूर बर्फ असतं. ज्यांना बर्फच बघायचं आहे त्यांच्यासाठी हा काळ, पण पायाखाली घट्ट बर्फावर चालण्याची सवय नसते आणि वेग अर्धा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये कुल्लूच्या बाजूला पाऊस आणि फुलं, चिखल आणि फुगलेले ओढे. सप्टेंबरमध्ये आकाश स्वच्छ, रात्री कडक थंड, गवत पिवळं पडत चाललेलं. गणपती उरकून निघायचं असेल तर सप्टेंबर आपल्याला सोयीचा पडतो आणि माझं मतही त्याच बाजूनं आहे.

पण कुठल्याच महिन्याची हमी नाही. 2018 च्या सप्टेंबरच्या शेवटी लाहौलमध्ये अवेळी जोरदार बर्फ पडलं आणि शेकडो ट्रेकर-प्रवासी अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. 2023 च्या जुलैत पावसानं कुल्लू-मनालीचा रस्ता खचला आणि चंद्रतालला बर्फात अडकलेल्या पर्यटकांना बाहेर काढायला कित्येक दिवस गेले. म्हणून कार्यक्रमाच्या शेवटी दोन दिवस मोकळे ठेवा. सोमवारी सकाळी ऑफिसला हजर व्हायचंच आहे या हट्टापायी खिंडीवर चुकीचे निर्णय घेतले जातात.

तीन महिन्यांची तयारी

व्यायामानं उंचीचा त्रास टळत नाही, मग करायचा कशाला? कारण दमलेलं शरीर थंडीत लवकर गारठतं, दमलेला माणूस पाणी प्यायचं विसरतो आणि उतरताना पडतो. पहिल्या महिन्यात आठवड्यातून चार दिवस भरभर चालणं आणि हलकं धावणं. पाच किलोमीटर साधारण 40 मिनिटांत, श्वास न फुलता, हे पहिलं लक्ष्य. पुणेकरांना पर्वतीच्या पायऱ्या आणि वेताळ टेकडी आहेतच. मुंबईत बिल्डिंगचा जिना पुरतो. लिफ्टवाला काका आठवडाभर विचित्र नजरेनं बघतो, नंतर त्यालाही सवय होते.

दुसऱ्या महिन्यापासून पाठीवर वजन घ्या. आधी चार, मग सहा, मग आठ किलो. तांदळाची पिशवी सॅकमध्ये टाकली की झालं. शनिवार-रविवार सिंहगड आतकरवाडीच्या वाटेनं, किंवा कळसूबाई बारीकडून. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा, काही हरकत नाही, पण चढताना घड्याळाशी शर्यत लावू नका. उलट मुद्दाम असं चाला की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी. सह्याद्रीत ऊन चढायच्या आत वर पोचायची आपली सवय इतकी मुरलेली असते की हळू चालणं वेगळं शिकावं लागतं.

तिसऱ्या महिन्यात एकदा सलग दोन दिवस चाला. राजगड-तोरणा उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखरे पाय घेऊन पुन्हा बूट घालता येतात का, हे कळणं महत्त्वाचं. उतरण्याचा सराव तर कोणीच करत नाही. हमताची पलीकडची उतरण खडी, दगडगोट्यांची आणि हंगामाच्या सुरुवातीला बर्फाची. मांडीचे स्नायू ताब्यात नसतील तर गुडघ्यांचा भुगा होतो. पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवून परत वर घेणं, रोज दोन्ही पायांचे वीस-वीस, हा साधा व्यायाम मी सगळ्यात आधी सांगेन.

निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, दमा, मधुमेह, हृदयाचा इतिहास, आधी कधी उंचावर त्रास झाला होता का, हे लपवू नका. हिमोग्लोबिन तपासा, विशेषतः महिलांनी. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल (औषधाचं नाव असिटाझोलामाइड) तेव्हाच विचारा. प्रतिबंध म्हणून डॉक्टर साधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं, घाबरू नका. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. ही गोळी शरीराचं जुळवून घेणं लवकर घडवते, वाईट कार्यक्रम चांगला करत नाही.

आणि कापूर. आपल्याकडे प्रत्येक गटात कोणीतरी रुमालात कापराची वडी बांधून आणतंच. हुंगल्यावर नाक मोकळं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन मात्र तेवढाच राहतो. आणायचा तर आणा, पण त्याच्या भरवशावर वर चढू नका.

सॅकमध्ये काय

50 ते 60 लिटरची सॅक, कंबरपट्टा असलेली. वजन खांद्यावर नाही, कमरेवर बसलं पाहिजे. खेचरावर सामान टाकायचं असेल तर रोजच्या चालण्यासाठी 20-25 लिटरची छोटी सॅक वेगळी लागते. खेचर तुमच्या आधी किंवा कितीतरी नंतर पोचतं, म्हणून पोंचो, गरम जॅकेट, पाणी, खाऊ आणि औषधं कायम स्वतःजवळ ठेवा.

कपड्यांचं सूत्र थरांचं आहे. अंगाला लागून घाम सुकवणारा ड्रायफिट टीशर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं किंवा सिंथेटिक जॅकेट, आणि सगळ्यांवर वारा-पाणी अडवणारं कवच. सुती काहीही नको. सुती बनियन घामानं भिजली की थंडीत अंगावर बर्फाची लादी ठेवल्यासारखी बसते. जीन्स घरी ठेवा. चालताना कमी कपडे, थांबताच जॅकेट, हा क्रम अंगवळणी पाडा. बहुतेक जण उलट करतात: सकाळी गारठून तीन थर चढवतात, अर्ध्या तासात घामाघूम होतात आणि पहिल्या विश्रांतीला कुडकुडतात.

बूट किमान दोन महिने आधी घ्या आणि त्यातच सगळा सराव करा. घोटा झाकणारे, अर्धा नंबर मोठे, कारण उतरताना बोटं पुढे आपटतात. मोजे चार जोड, त्यातला एक जाड लोकरी जोड फक्त झोपताना, बाहेर न वापरता. ओढे ओलांडायला मागे पट्टा असलेल्या सँडल. दोन काठ्या घ्या. एक काठी म्हणजे अर्धी सोय. गॉगल अतिनील किरण अडवणारा असावा. बर्फावर तासभर उघड्या डोळ्यांनी चाललात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, आणि तो त्रास खरोखर वाईट असतो. सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा, बर्फावरून ऊन खालून येतं. हेडटॉर्च, कानटोपी, हातमोजे दोन जोड (एक ओले होणारच). मायक्रोस्पाइक्स (बर्फावर पकड यावी म्हणून बुटाखाली चढवायचे खिळे) आणि गेटर्स (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) बहुतेक आयोजक देतात, विचारून घ्या. पॉवर बँक आणि मोबाइल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये कुशीला ठेवा, थंडीत बॅटरी रात्रीतून उतरते.

खाऊच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. उंचावर भूक मरते आणि गोड चॉकलेट बारची शिसारी येते. तेव्हा शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की, खजूर आणि भडंग उपयोगी पडतात. मेतकुटाचा छोटा डबा न्या. स्वयंपाकाच्या तंबूतून गरम मऊ भात आणि चमचाभर तूप मागून घेतलं की ज्याला काहीच जात नाही त्याच्याही पोटात चार घास उतरतात. लसणाची कोरडी चटणीही न्या. डाळ तीच असते, चौथ्या दिवशी ती सहन व्हायला मदत होते.

औषधांत पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, उलटीची गोळी, बँड-एड, मायक्रोपोर टेप, क्रेप बँडेज, जंतुनाशक मलम. टाचेला कुठे चरचरलं की लगेच थांबून टेप लावा, फोड आल्यावर नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू दोन्ही बंद, मनालीच्या पहिल्या रात्रीपासूनच. दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो. पाळी त्या दिवसांत येण्याची शक्यता असेल तर पॅड आणि ते परत आणायला झिपची पिशवी. ओले टिश्यू तिथे पुरायचे नाहीत, तेही परत आणायचे.

परदेशातून येऊन ट्रेकला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी खिशातली यंत्रं भारतात परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. अमेरिकेत ती सर्रास वापरतात, इथे विमानतळावरच अडचण होते. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की जोब्र्यानंतर फोन लागणार नाही.

आयोजकांना विचारायचे प्रश्न

जाहिरातीतले फोटो बाजूला ठेवा आणि फोन करा. किती जणांमागे एक गाइड? ऑक्सिजन सिलिंडर बालू का घेरा आणि शिया गोरू या दोन्ही कॅम्पवर असतो का, की नुसता मनालीच्या ऑफिसात? ऑक्सिमीटरनं रोज दोन वेळा तपासणी होते का? एखादा परत फिरला तर त्याच्यासोबत कोण उतरतं आणि उरलेल्या गटाला किती गाइड उरतात? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "असं कधी होत नाही" असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा.

विम्याची पॉलिसीही वाचा. नेहमीच्या आरोग्य विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात, किंवा उंचीची मर्यादा असते.

जोब्रा ते बालू का घेरा

पहिल्या दोन दिवसांचं काम फक्त हळू चालणं आणि पाणी पिणं. तीन ते चार लिटर, दिवसभर थोडं थोडं. लघवी फिकट राहिली पाहिजे. कॅम्पवर पोचल्यावर लगेच तंबूत आडवं होऊ नका. चहा घ्या आणि समोरच्या उतारावर शंभर-दीडशे मीटर चढून अर्धा तास बसून खाली या. अंगावर उबदार कपडे घालूनच बसा, घामेजलेल्या अंगाला वारा लागू देऊ नका. चिक्याच्या हिरवळीवर क्रिकेट रंगतं, त्याचा मोह सोडा. सहा चेंडू टाकून धापा टाकत बसलेले गोलंदाज मी पाहिले आहेत.

बालू का घेऱ्याच्या वाटेवर ओढे लागतात. ते सकाळी ओलांडलेले बरे, कारण दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी चढतं. बूट काढून सँडल घाला, सॅकचा कंबरपट्टा सोडून ठेवा म्हणजे पडलात तर सॅक झटकून मोकळं होता येईल, प्रवाहाकडे तोंड करून एकेक पाय टाका. पाय जागेवरच बधिर होतात. पलीकडे गेल्यावर पुसून लगेच कोरडे मोजे.

रात्री बाटलीत गरम पाणी भरून, झाकण नीट लावून पायाशी ठेवा. तोंड स्लीपिंग बॅगच्या बाहेर असू द्या, नाहीतर श्वासाच्या वाफेनं आतलं अस्तर ओलं होतं. झोपेत मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग आली तर घाबरू नका. उंचावर बऱ्याच जणांचं असं होतं.

बालू का घेऱ्यातली संध्याकाळ

ट्रेकमधला खरा निर्णय इथे होतो, खिंडीवर नाही. इथून मागे फिरलं तर त्याच वाटेनं काही तासांत जोब्रा, तिथे गाडी, संध्याकाळी मनाली. उद्या खिंड ओलांडून शिया गोरूला पोचल्यावर कोणी आजारी पडलं तर मागे जायला पुन्हा 4270 मीटर चढायचं, किंवा पुढे छत्रूपर्यंत उतरायचं. रात्री अंधारात दोन्ही वाईट. सहज परतीचं दार बालू का घेऱ्यातच बंद होतं.

म्हणून जेवणाआधी प्रत्येकानं स्वतःला आणि तंबूतल्या जोडीदाराला तपासावं. डोकेदुखी, सोबत मळमळ, चक्कर किंवा झोपूनही न उतरणारा थकवा, म्हणजे उंचीचा त्रास सुरू झाला. सौम्य असेल तर एक पॅरासिटामॉल, पाणी, आराम, आणि आणखी वर नाही जोवर बरं वाटत नाही. सकाळी डोकं शांत असेल तर चला. वाढलं असेल तर खाली.

दोन गोष्टींत चर्चा करायचीच नाही. एक, मेंदूला सूज. हिची परीक्षा सोपी आहे: एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. मी हे एकदा कंदिलाच्या उजेडात पाहिलंय. मुलगा हसत उभा राहिला, तिसऱ्या पावलाला उजवीकडे झुकला, हातानं हवा पकडल्यासारखी केली आणि म्हणाला, "दगड आहे खाली." खाली गवत होतं. गाइडनं पुढचं पाऊल टाकूच दिलं नाही, त्याच रात्री दोघं त्याला घेऊन खाली निघाले. दुसरं, फुफ्फुसात पाणी. बसल्याजागी धाप, खोकला, छातीत खरखर, ओठ निळसर, पुढे गुलाबी फेस. दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजन लावा आणि उतरा. दोन-चारशे मीटर खाली गेल्यावरही फरक पडायला लागतो.

लपवणं हा आपला राष्ट्रीय आजार आहे. पैसे भरलेत, रजा घेतलीय, ग्रुपला माझ्यामुळे त्रास नको, म्हणून डोकेदुखी दाबून ठेवतात. गटप्रमुख असाल तर पहिल्याच दिवशी जाहीर करा की त्रास सांगणाऱ्याची थट्टा होणार नाही. आणि ऑक्सिमीटरच्या आकड्यांची स्पर्धा लावू नका. "माझा 91, तुझा 84" असं सुरू झालं की 84 वाला पुढच्या वेळी बोट चोळून गरम करून येतो.

खिंडीचा दिवस

पहाटे चारच्या सुमाराला उठून उजाडता उजाडता निघा. सात-आठ तासांपेक्षा जास्त चालणं होतं आणि दुपारनंतर ढग भरून येतात. चढ टप्प्याटप्प्यांचा आहे, एक धार संपली की मागे दुसरी उभी. पाऊल टाकलं की मागच्या पायावर क्षणभर भार देऊन श्वास घ्यायचा, मग पुढचं पाऊल. ही लय सापडली की थांबायची गरजच कमी पडते. थांबलात तर पाच मिनिटं, बसून पंधरा नाही.

किती वाजता मागे फिरायचं ते खालीच ठरवून घ्या. 2024 च्या जूनमध्ये उत्तराखंडच्या सहस्रताल ट्रेकवर वादळी हवेत अडकून 9 ट्रेकर दगावले. थंडी, वारा आणि ओले कपडे एकत्र आले की चांगली तयारीची माणसंही काही तासांत कोलमडतात. खिंडीवर वारा सुटला, बर्फ किंवा पाऊस लागला तर फोटोसाठी थांबायचं नाही. आकाश मोकळं असेल तर मात्र इंद्रासनचा (6221 मीटर) कडा समोर उभा असतो. तिथे बसून एक लाडू खा, पाणी प्या, जॅकेट चढवा आणि उतरायला लागा.

उतरणीवर काठ्या लांब करा, गुडघे किंचित वाकवून ठेवा, बर्फ असेल तर टाच आधी रोवा. दोघांमध्ये अंतर ठेवा, वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. बहुतेक घसरणं इथे होतं, कारण मनानं ट्रेक खिंडीवरच संपलेला असतो. शिया गोरूत रात्री तापमान शून्याच्या आसपास किंवा खाली जातं. जेवण गरम असतानाच उरका.

छत्रू, चंद्रताल आणि परत

शिया गोरूहून निघताच सकाळी सकाळी बर्फाळ ओढा ओलांडावा लागतो. कोरडे मोजे वरच्या कप्प्यात ठेवा. पुढे छत्रूपर्यंत उतरणच आहे. चंद्रतालला जायचं तर छत्रूहून बातलमार्गे रस्ता अतिशय खराब, काही ठिकाणी ओढ्यांतूनच. ते ओढेही दुपारी चढतात, म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत परत फिरावं. तळ्याच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे, मुक्कामाचे तंबू काही किलोमीटर अलीकडे असतात. रस्ता बंद असला तर ड्रायव्हरशी वाद घालू नका, तळं पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

परतताना ग्रामफू, कोकसरमार्गे अटल बोगदा. 9 किलोमीटरचा हा बोगदा 2020 मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांग खिंडीची चढ टळते आणि वेळ वाचतो. त्याच संध्याकाळची दिल्लीची बस मात्र काढू नका. दरड कोसळली की ती चुकते, आणि नाही कोसळली तरी सुजलेल्या पायांनी रात्रभर बसमध्ये बसणं सुखाचं नसतं. मनालीत एक रात्र काढा, ओला तंबू किंवा स्लीपिंग बॅग स्वतःची असेल तर हॉटेलच्या गच्चीवर वाळवा, उरलेली औषधं आणि बॅटऱ्या गाइडला विचारून द्या, त्याला पुढच्या गटासाठी लागतात. परतीचं रेल्वे तिकीट या सगळ्यानंतरच्या दिवसाचं.